काउंटर म्हणतो स्थिर, कान म्हणतो घोगरा: फेज नॉइज कोणी समजावून सांगेल का?

तरंगवेडा (धागालेखक)
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. महिनाभर एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय, म्हणून धागा काढतोय.

पुण्यात सिंहगड रोडला आमच्या गच्चीवर एक डिश लावली आहे. तोंड पश्चिमेकडे, क्षितिजापासून साधारण ३२ अंश वर. तिकडे एस-हेल-२ हा भूस्थिर उपग्रह आहे आणि त्याच्यावर आम्हा हौशी रेडिओवाल्यांसाठी क्यूओ-१०० हा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आलेला सिग्नल परत खाली पाठवणारं यंत्र. १०४८९.५ मेगाहर्ट्झला त्याचं खालचं टोक, तिथे मोर्सचा बीकन, म्हणजे खुणेचा सिग्नल, अखंड चालू असतो. एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नलची फ्रिक्वेन्सी खाली आणणारा डबा) टीव्हीच्या डिशवर असतो तोच. त्याच्या पोटात २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, आतली चिप त्याची ३९० पट करून ९७५० मेगाहर्ट्झ बनवते. वजाबाकी होऊन बीकन ७३९.५ ला उतरतो आणि मी तो एसडीआर डोंगलवर (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) ऐकतो.

पहिली अडचण उन्हाची. सकाळी अकरा ते दुपारी दोन एवढ्या वेळात बीकन पन्नासेक किलोहर्ट्झ सरकायचा. हिशोब केला तर ते जेमतेम ५ पीपीएम (दहा लाखांत पाच भाग) भरतं, म्हणजे बिचाऱ्या क्रिस्टलची काही चूक नाही. पण हातात माउस घेऊन त्याच्या मागे किती पळणार?

म्हणून जुन्या बाजारातून १० मेगाहर्ट्झचा ओव्हनवाला ऑसिलेटर (क्रिस्टल कायम एकाच तापमानाला ठेवणारा) आणला, कुठल्याशा टेलिफोन यंत्रणेतून निघालेला. त्याच्यावरून एका क्लॉक जनरेटर बोर्डाने २५ मेगाहर्ट्झ तयार केले आणि एलएनबीतला क्रिस्टल काढून तिथे दिले. सरकणं एकदम बंद! फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरवर दिवसभर शेवटचा आकडासुद्धा हलत नाही.

पण बीकनचा आवाज बिघडला. आधी सरकत होता, तरी स्वच्छ शिट्टी होती. आता जागच्या जागी आहे, पण घसा बसल्यासारखा घोगरा. फ्रिक्वेन्सी इतकी स्थिर आणि सूर इतका खराब, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

चहाबिस्किट
रविवार, रात्री ९:५२

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

सरळसोट
रविवार, रात्री १०:०५

जीपीएसला लॉक केलेला रेफरन्स घ्या आणि मोकळे व्हा. उपग्रहांत अणुघड्याळं बसवलेली असतात, त्यापुढे जुन्या बाजारातला डबा काय टिकणार?

शिल्पा_पाषाण
रविवार, रात्री ११:२०

तरंगवेडा, प्रश्न फार चांगला विचारलात. नोकरीची पहिली दोन वर्षं मीही यातच चाचपडत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"स्थिर" हा शब्द एकटा कधीच वापरायचा नाही. किती वेळात स्थिर, हे लगेच विचारायचं. तुमच्या काउंटरचा गेट एक सेकंदाचा असणार. तो एका सेकंदात किती आवर्तनं झाली ते मोजतो आणि आकडा दाखवतो. त्या सेकंदाच्या आत ऑसिलेटर शंभर वेळा पुढे गेला आणि शंभर वेळा मागे आला, तर बेरीज शून्य. काउंटरला काही कळतच नाही. कान मात्र सेकंदभर थांबत नाही, तो ती थरथर ऐकतो.

तुमच्या जुन्या क्रिस्टलचं नेमकं उलटं होतं. तीन तासांत भरपूर हलला, पण सेकंदाच्या शंभराव्या भागात अगदी शांत. याला फ्रिक्वेन्सी ड्रिफ्ट म्हणतात. त्या बारीक थरथरीला फेज नॉइज. आजार दोन, औषधं दोन.

फेज नॉइजचं माप असं. आदर्श सिग्नल स्पेक्ट्रमवर एक उभी रेघ. खऱ्या सिग्नलच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना उतार असतो, वारुळासारखा. मुख्य रेघेपासून ठरावीक अंतरावर, समजा १ किलोहर्ट्झवर, एक हर्ट्झ रुंदीच्या फटीत किती शक्ती सापडते ती मुख्य रेघेच्या तुलनेत सांगायची. म्हणून "१ किलोहर्ट्झ ऑफसेटला उणे १२० डीबीसी प्रति हर्ट्झ" अशी भाषा (डीबीसी म्हणजे मुख्य रेघेच्या तुलनेत डेसिबल). ऑफसेट सांगितल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

आता तुमच्या दुखण्याचं मूळ. फ्रिक्वेन्सी एन पट केली की फेजची थरथरही एन पट होते. डीबीत मोजलं तर २० गुणिले लॉग एन. दुप्पट केली की ६ डीबी, दहापट केली की २०. तुमचे ३९० पट म्हणजे जवळजवळ ५२ डीबी! बोर्डातून निघणारं २५ मेगाहर्ट्झ तिथल्या तिथे बघितलंत तर छानच दिसेल. तेच ९७५० ला पोचेपर्यंत पायथ्याचं वारूळ ५२ डीबीने वर येतं.

सरळसोट, जीपीएसबद्दल: दिवसाच्या हिशोबात तुमचं शंभर टक्के बरोबर. पण साध्या मॉड्यूलची सेकंदाची टिकटिक दहा-वीस नॅनोसेकंद मागेपुढे होते. एका सेकंदात २० नॅनोसेकंद म्हणजे पाच कोटींत एक. बरा ओव्हन ऑसिलेटर एका सेकंदाला याच्या हजारपट शांत असतो. म्हणून जीपीएसला शेकडो सेकंदांच्या सरासरीने, हळूच कान पकडायला लावतात. क्षणाक्षणाची स्वच्छता ऑसिलेटरचीच असावी लागते, ती जीपीएसकडून उसनी मिळत नाही.

लयकार
सोमवार, सकाळी ७:१५

मी तबला शिकवतो, इलेक्ट्रॉनिक्समधलं शून्य कळतं. पण शिल्पाताईंचं वाचून वाटलं, हे तर आमच्या क्लासमध्ये रोज चालतं! एक विद्यार्थी असा की प्रत्येक मात्रा दुसरीसारखी, पण पंधरा मिनिटांत विलंबित कधी मध्यलय झाली ते त्याला कळत नाही. लय चढते. दुसरा असा की अर्ध्या तासाने मोजलं तरी लय तीच, पण प्रत्येक "धा" केसभर आधी किंवा केसभर नंतर. पहिला म्हणजे जुना क्रिस्टल, दुसरा म्हणजे नवा बोर्ड. बरोबर ना?

हिंजवडीकर
सोमवार, सकाळी ९:३०

लयकार, दुसऱ्या विद्यार्थ्याला आमच्या डिजिटलवाल्यांत जिटर म्हणतात. फेज नॉइज आणि जिटर एकाच गोष्टीची दोन रूपं. आलेख हव्या त्या पट्ट्यात बेरजेला घ्यायचा की जिटर निघतो. उदाहरणार्थ १०० मेगाहर्ट्झचं क्लॉक, १ किलोहर्ट्झपासून १ मेगाहर्ट्झपर्यंत सपाट उणे १२०, तर साधारण सव्वादोन पिकोसेकंद. आणि हे किरकोळ नाही. १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल पकडणाऱ्या एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) क्लॉकमध्ये फक्त १ पिकोसेकंद जिटर असला तरी सिग्नल आणि नॉइजमधलं अंतर ६४ डीबीच्या पुढे जात नाही. १६ बिटांची महागडी चिप लावा, हाती दहा-साडेदहा बिट.

शिल्पा_पाषाण
सोमवार, सकाळी ९:५८

लयकार, उपमा आवडली आणि बरीचशी लागूही आहे. एका ठिकाणी मात्र अडते. तुमचा दुसरा विद्यार्थी चुकला तरी मनातल्या लयीवर परत येतो. ऑसिलेटरच्या मनात अशी वेगळी लय नसते. आत्ता जिथे पोचला तिथूनच पुढचं आवर्तन सुरू. म्हणजे एक "धा" उशिरा पडला की पुढचे सगळेच तेवढे उशिरा. चुका साचत जातात, म्हणून मुख्य रेघेच्या जवळ जावं तसा उतार चढत जातो.

लयकार
सोमवार, दुपारी १:४०

कळलं. म्हणजे साथीला लेहरा नसलेला तबला. एकटाच वाजवतोय, परत यायला सम दाखवणारं कोणी नाही.

शिल्पा_पाषाण
सोमवार, दुपारी १:४४

अगदी हेच! आणि पीएलएल (एका ऑसिलेटरला दुसऱ्याशी सतत जुळवत ठेवणारं सर्किट) म्हणजे लेहरा लावून देणं. ही उपमा उद्यापासून मीच वापरणार.

रेडिओकाका
सोमवार, रात्री ८:३०

उशिरा पोचलो. माझं वय ७४, त्यामुळे जरा मागून सुरुवात करतो.

आमच्या वेळी व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी हवी तशी फिरवता येणारा ऑसिलेटर) स्वतः गुंडाळायचा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ फिरून पॉलिस्टायरीनचे कपॅसिटर निवडून आणायचे, कॉइल गुंडाळून तिच्यावर मेण ओतायचं, सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करायचं. सेट लावला की अर्धा तास बोलायचं नाही, गरम होऊ द्यायचा. तरीही चाळीस मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झ) तासाभरात दोनशे-तीनशे हर्ट्झ सरकायचाच, समोरचा म्हणायचा "ओएम, तुम्ही चाललात कुठे?" पण आवाज स्वच्छ.

मग पीएलएलवाले सेट आले. आकडे दाखवणारे, जागचे न हलणारे. आम्ही हरखून गेलो. पण संध्याकाळी बँड भरला की कमकुवत स्टेशनं गायब. बाजूला तगडं स्टेशन आलं की सगळा बँड फुसफुसायला लागायचा. आम्ही बोलणाऱ्याला शिव्या द्यायचो की याचा सिग्नल पसरतोय. त्याचा सिग्नल धुतल्या तांदळासारखा होता. दोष आमच्याच रिसीव्हरच्या ऑसिलेटरचा.

हे नीट समजून घ्या, कारण फेज नॉइजचा खरा त्रास इथे आहे. आपल्या ऑसिलेटरला वारूळ असेल, तर रिसीव्हरच्या मिक्सरमध्ये (जिथे आलेला सिग्नल आणि ऑसिलेटर एकत्र येतात) शेजारचं तगडं स्टेशन त्या वारुळाशी मिसळतं आणि त्याची नक्कल आपण ऐकतोय त्या जागेवर येऊन पडते. आकडे घालून बघा. ऑसिलेटर १० किलोहर्ट्झवर उणे ११० डीबीसी प्रति हर्ट्झ. आपला फिल्टर २.४ किलोहर्ट्झ रुंद, त्याचे ३४ डीबी मिळवा. म्हणजे शेजाऱ्याच्या ७६ डीबी खाली नॉइज. आता शेजारी सिग्नल-मीटरवर एस ९ च्याही ६० डीबी वर, म्हणजे उणे १३ डीबीएम (एक मिलिवॉटच्या १३ डीबी खाली). आपल्या कानात उणे ८९ डीबीएमचा फुसफुसाट, मीटरवर एस ६ च्या वर. त्याखालचं प्रत्येक स्टेशन मेलं. अँटेना कितीही उंच करा, उपयोग शून्य.

तरंगवेडा, वॉटरफॉलचं (स्क्रीनवर सरकत जाणाऱ्या स्पेक्ट्रमचं) चित्र अगदी जवळून टाक. घोगरा हा शब्द डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यासारखा आहे. रेघा आहेत की धुकं, ते बघायचंय.

तरंगवेडा
मंगळवार, रात्री १०:१०

काका, शिल्पाताई, मनापासून आभार. काउंटरचा गेट एक सेकंदच आहे, ओळखलंत.

दोनशे हर्ट्झच्या पट्ट्यात झूम करून चित्र टाकलं आहे. मधे बीकन. दोन्ही बाजूंना बरोबर पन्नास हर्ट्झवर एकेक ठळक रेघ, साधारण १९ डीबी खाली. पट्टा मोठा केला की लांबवर आणखी चार-पाच रेघा. आणि सगळ्यांच्या खाली धुकंही आहे. म्हणजे सगळंच आहे म्हणायचं.

डोंगलवर संशय होता, पण जुन्या क्रिस्टलच्या वेळी हाच डोंगल होता आणि सूर स्वच्छ होता. त्यामुळे त्याला मोकळं सोडलं.

भोसरीचा_फिटर
मंगळवार, रात्री १०:४५

रेघांवरून आठवलं. आमच्या शेडमध्ये एका ग्राहकाचं मोजमापाचं यंत्र आलं होतं. रोज दुपारी बिघडायचं, रात्रपाळीत ठणठणीत. दोन आठवडे केबल बदलल्या, सप्लाय बदलला. शेवटी कळलं, भिंतीपलीकडच्या शेडमध्ये पॉवर प्रेस दुपारच्या पाळीत चालायची. जमिनीतून येणारे हादरे क्रिस्टलला लागत होते. ऑसिलेटरखाली जुन्या टायरचं रबर चार थर घातलं आणि यंत्र सुतासारखं सरळ.

क्रिस्टल म्हणजे आत टांगलेली काचेसारखी चकती, ती हादऱ्याने ताणली जाते आणि फ्रिक्वेन्सी बदलते. एक "जी" हादऱ्याला अब्जात एक भाग, हे सर्वसाधारण माप. ऐकायला काहीच नाही. पण १० मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १०० हर्ट्झचा एक जी हादरा दिला तर दोन्ही बाजूंना ८६ डीबी खाली रेघा उभ्या राहतात. त्यात तुमचे सगळे पट मिळवा. डबा पंख्याच्या खांबाला तर बांधला नाही ना?

सरळसोट
मंगळवार, रात्री ११:०२

जीपीएसचा मुद्दा मागे घेतो, म्हणजे अर्धा. पण मग रुबिडियम? तो तर अणुघड्याळ आहे.

शिल्पा_पाषाण
मंगळवार, रात्री ११:३०

रुबिडियमच्या डब्यातही शेवटी बाहेर येणारा सूर क्वार्ट्झचाच असतो. अणूंचा ६.८३ गिगाहर्ट्झचा ठोका त्याला फक्त हळूहळू सरळ करत राहतो. महिनाभरात तो ओव्हनपेक्षा कितीतरी कमी सरकेल, पण एका सेकंदाला चांगला ओव्हन त्याला मागे टाकतो.

हे वेळेनुसार बदलणारं चित्र पकडायलाच ॲलन व्हेरिअन्स काढला गेला. नेहमीच्या व्हेरिअन्सचा (आकडे किती विखुरले त्याच्या मापाचा) घोळ असा की काही प्रकारच्या नॉइजला जितकं जास्त मोजाल तितकं उत्तर वाढतच जातं, कुठे थांबत नाही. डेव्हिड ॲलननी युक्ती केली: सरासरीपासूनचं अंतर न घेता लागोपाठच्या दोन मोजण्यांमधला फरक घ्या. आलेख काढला की पहिल्यांदा उतरतो, मग सपाट तळ येतो, मग ड्रिफ्टमुळे वर चढायला लागतो. त्या तळाच्या जागेवरून ऑसिलेटरचा स्वभाव कळतो. मला हा आलेख बघायला फार आवडतो, माणसाची पत्रिका वाचावी तसा.

गंमत म्हणजे १९६६ च्या फेब्रुवारीत आयईईईच्या प्रोसीडिंग्जच्या एकाच अंकात ॲलनचा हा लेख आणि लीसनचं फेज नॉइजचं छोटंसं मॉडेल, दोन्ही आले. लीसनचं सार इतकंच: रेझोनेटरचा क्यू (तो किती कमी ऊर्जा गमावत घुमतो त्याचं माप) जितका मोठा तितकं वारूळ अरुंद. फ्रिक्वेन्सी भागिले दोन क्यू इतक्या अंतराच्या आत आलं की उतार चढायला लागतो. काकांच्या ७ मेगाहर्ट्झच्या कॉइलला क्यू १०० धरला तर ते अंतर ३५ किलोहर्ट्झ. १० मेगाहर्ट्झच्या उत्तम क्रिस्टलला क्यू दहा लाख, म्हणजे फक्त ५ हर्ट्झ!

नारायणगावकर
बुधवार, सकाळी ८:२०

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या गावाशेजारी खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. चौदा मधे जवळजवळ, बाकीच्या इंग्रजी वाय आकारात लांब लांब, टोकाची अंतरं २५ किलोमीटरपर्यंत. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास प्रदर्शन असतं, शाळेच्या मुलांना घेऊन जातो. तिथे एकदा विचारलं होतं, एवढ्या डिश मिळून एक दुर्बीण कशी होते? उत्तर मिळालं की सगळ्यांचे ऑसिलेटर एकाच रेफरन्सला बांधलेले असतात आणि तो ऑप्टिकल फायबरने डिशपर्यंत पोचतो.

मग माझा प्रश्न: रेफरन्समध्येच फेज नॉइज असेल तर सगळी दुर्बीण घोगरी होणार का?

शिल्पा_पाषाण
बुधवार, सकाळी ९:४०

अजिबात अवांतर नाही. सगळ्या डिशना तीच थरथर एकदम मिळाली, तर दोन डिशच्या सिग्नलची तुलना करताना ती बरीचशी वजा होते. सगळेच एका पावलाने अडखळले तर ओळ मोडत नाही. त्रास होतो तो एका डिशला मिळणाऱ्या फेजमध्ये दुसरीपेक्षा फरक पडला तर. फायबर तापलं की एका किलोमीटरला एका अंशामागे साधारण ३५ ते ४० पिकोसेकंद उशीर वाढतो. दहा किलोमीटर फायबर एका अंशाने तापलं तर ३५० च्या वर पिकोसेकंद. १ गिगाहर्ट्झला पूर्ण आवर्तनच १००० पिकोसेकंदांचं, म्हणजे एक तृतीयांश वर्तुळ फिरलं! म्हणून निरीक्षण चालू असताना मधेमधे ओळखीच्या रेडिओस्रोताकडे वळून फेज तपासून घेतात.

नभांगण
बुधवार, सकाळी ११:०५

घड्याळांचा विषय निघालाच आहे तर आपल्या नाविकची, म्हणजे भारताच्या दिशादर्शन उपग्रहांची, आठवण काढायलाच हवी. त्यातल्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती आणि तो उपग्रह दिशादर्शनासाठी निरुपयोगी झाला होता. घड्याळ एक नॅनोसेकंद चुकलं की अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं, त्यामुळे घड्याळ गेलं की सगळं गेलं. नंतर २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ गेला, त्यात भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं होतं. त्या दिवशी मी उड्डाण बघताना खरंच उभा राहिलो होतो.

रेडिओकाका
बुधवार, दुपारी ४:१५

सगळं छान चाललंय, पण पोराचा बीकन अजून घोगराच आहे. मूळ धाग्यावर या.

तरंगवेडा, तीन वेगळे रोग दिसतात, एकेक करून घे. लांबच्या चार-पाच रेघा बोर्डाच्या. चिपमधल्या पीएलएलचा गुणक आणि भाजक पूर्णांकात आहेत का ते बघ. पन्नास हर्ट्झच्या रेघा घरच्या विजेच्या. सगळं बॅटरीवर चालवून बघ. तिसरं धुकं, ते शेवटी.

तरंगवेडा
गुरुवार, रात्री ११:५०

काका, निम्मं यश!

बोर्डाच्या तयार लायब्ररीने स्वतःच्या मनाने अपूर्णांक निवडला होता. मी हाताने लिहून १० ला ८० ने गुणून ८०० मेगाहर्ट्झ आणि त्याला ३२ ने भागून २५ केले. लांबच्या रेघा एका झटक्यात गेल्या. अक्षरशः ओरडलो, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पण पन्नास हर्ट्झ जसाच्या तसा. ऑसिलेटर, बोर्ड, एलएनबी, सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर नेलं, लॅपटॉपसुद्धा चार्जरवरून काढला. काहीही फरक नाही. टेबलाचा फोटो टाकतोय.

रेडिओकाका
शुक्रवार, सकाळी ६:३०

फोटोत डावीकडे जी निळी वायर पॉटकडे (फिरवायच्या रोधाकडे) गेली आहे, ती ऑसिलेटरच्या ट्यूनिंग पिनची, म्हणजे फ्रिक्वेन्सी बारीक बदलणाऱ्या पिनची आहे का? किती लांब आहे? आणि ती ज्याच्यावरून गेली आहे तो काळा चौकोन काय?

तरंगवेडा
शुक्रवार, सकाळी ७:०५

हो, ट्यूनिंग पिनचीच. मीटरभर असेल, पॉट पुढच्या पॅनेलवर लावायचा होता म्हणून. काळा चौकोन सोल्डरिंग स्टेशनचा ट्रान्सफॉर्मर. तो चालूच असतो. अरे देवा.

शिल्पा_पाषाण
शुक्रवार, सकाळी ९:१५

काका, तुमच्या नजरेला नमस्कार!

हिशोब करून बघू, मजा येईल. अशा ऑसिलेटरच्या ट्यूनिंग पिनला एक व्होल्ट बदलला की १० मेगाहर्ट्झमध्ये साधारण १ हर्ट्झ फरक पडतो असं धरू. वायरने फक्त १२ मिलिव्होल्ट घरघर उचलली, तर १० मेगाहर्ट्झ सेकंदाला पन्नास वेळा १२ मिलिहर्ट्झने डोलणार. ९७५० ला हे ९७५ पट, म्हणजे पावणेबारा हर्ट्झ. त्याला ५० ने भागलं की मॉड्युलेशन इंडेक्स (डोलण्याचं प्रमाण) ०.२३, आणि बाजूच्या रेघा मुख्य रेघेच्या साधारण १९ डीबी खाली. तुम्ही चित्रातून वाचलेला आकडा १९ च होता!

आणि काउंटर गप्प का बसला तेही इथेच दिसतं. एका सेकंदाच्या गेटमध्ये पन्नास वेळा वर, पन्नास वेळा खाली. बाकी शून्य.

तरंगवेडा
शनिवार, रात्री ९:३०

पॉट ऑसिलेटरच्या पायाशीच लावला, पिनवर १ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरडचा फिल्टर, सोल्डरिंग स्टेशन दुसऱ्या टेबलावर. पन्नास हर्ट्झच्या रेघा शोधूनही सापडत नाहीत. सूर ऐंशी टक्के मोकळा झाला.

आता राहिलं धुकं. ते बोर्डाचंच असणार ना?

शिल्पा_पाषाण
शनिवार, रात्री १०:००

हो. चिपच्या आतला ८०० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर सिलिकॉनवरच्या इवल्याशा कॉइलवर चालतो, त्याला क्यू असून असून किती असणार? उपाय लयकारांच्या लेहऱ्याचा. २५ मेगाहर्ट्झचा व्होल्टेजने हलणारा क्रिस्टल ऑसिलेटर घ्या. तो ५ ने भागा, ओव्हनवाला २ ने भागा, दोन्ही ५ मेगाहर्ट्झवर जुळवा आणि पीएलएलचा लूप मुद्दाम मंद ठेवा, तीसेक हर्ट्झचा. त्या तीस हर्ट्झच्या आत ओव्हनचं ऐकलं जाईल, बाहेर क्रिस्टलची स्वतःची शांतता राहील. उन्हाचं सरकणं ओव्हन सांभाळेल, सूर क्रिस्टल सांभाळेल. लूपची ट्यूनिंग वायर मात्र बोटाच्या पेराएवढीच!

चहाबिस्किट
शनिवार, रात्री १०:२५

आठवडाभर फक्त वाचत होतो. मालिका बघणं सोडलंय या धाग्यासाठी.

तरंगवेडा
तिसरा रविवार, संध्याकाळी ७:४०

उशीर झाला, पण झालं.

क्रिस्टल ऑसिलेटर बुधवार पेठेत मिळाला, भाजक दोन आयसींत बसले. पहिल्या दिवशी लूप लॉकच होईना, कारण एका भाजकाचा पाय सोल्डर व्हायचा राहिला होता. आज दुपारी एक वाजता, गच्चीवर पाय भाजत असताना, लॉकचा दिवा लागला. खाली पळत आलो.

बीकन हलत नाही. वॉटरफॉलवर एकच रेघ, दोन्ही बाजूंना काळोख. आवाज टाकला आहे. लयकार, तुम्ही नक्की ऐका आणि सांगा.

भोसरीचा_फिटर
तिसरा रविवार, रात्री ८:०५

अभिनंदन! रबर घालायला विसरू नका. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

लयकार
तिसरा रविवार, रात्री ८:५०

हेडफोन लावून तीनदा ऐकला. आधीच्या आवाजात तंबोऱ्याची जवारी चुकल्यासारखी खर होती. आता एक सूर, सरळ.

रेडिओकाका
तिसरा रविवार, रात्री ९:१५

मीही ऐकला. पुढच्या रविवारी सकाळी जुन्या बाजारात भेटू. असलाच ओव्हन मला पण हवाय, आणि तो निवडताना तू बरोबर हवास.